जिथं बॉल नाही तिथं

शनिवारी संध्याकाळी पावणेसातला माझा फोन वाजला आणि पडद्यावर अक्षरं आली : ‘सामना. बाबाचा चहा आधी.’

ही आठवण मीच लावलेली आहे, तीन वर्षांपूर्वी. ऑगस्टच्या शेवटापासून मे महिन्यापर्यंत, दर शनिवारी, दर वर्षी. माझ्या फोनमध्ये अशा पुष्कळ आठवणी आहेत. पाण्याचा फिल्टर, गाडीचा विमा, गच्चीवरची टाकी, नवऱ्याची साखर तपासणी. काम झालं की खूण करायची आणि पुढे सरकायचं. काही बायकांना नवी साडी नेसल्यावर जे वाटत असेल ते मला खूण केल्यावर वाटतं. ही एकच आठवण अशी, की तिचं काम संपलं तरी मी ती पुसली नाही. वाजते, मी बोटाने बाजूला सारते आणि पुन्हा भेंडी चिरायला लागते.

या शनिवारी मात्र सुरी खाली ठेवली. कारण जांभळे परत आलेत. जर्मनीतल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगमध्ये, अठरा संघांच्या कोष्टकात, अगदी तळाशी का होईना, पण आलेत. तन्वीने दुपारीच कॉलेजच्या हॉस्टेलवरून निरोप पाठवला होता : ‘आई, आजोबांचे जांभळे वर आले! बघणार ना?’

बघणार होतेच. कपाटाच्या वरच्या कप्प्यातून मफलर काढला. ऑगस्टात पनवेलमध्ये लोकरीला जो कुबट वास येतो तो त्याला येत होता. बाल्कनीत वारा होता म्हणून दोरीवर टाकला, आणि सामन्याला पंधरा मिनिटं होती तेवढ्यात तो सगळा हंगाम एकामागून एक समोर यायला लागला.

बाबा म्हणजे माझे वडील. आमच्यात बापाला अहो-जाहो करत नाहीत. माझा नवरा सतीश पुण्याचा, तो त्यांना ‘बाबा, तुम्ही’ म्हणायचा आणि बाबा दर वेळी मागे वळून बघायचा, आणखी कोण आलंय म्हणून. बाबा उलव्याकडच्या मिठागरात वाढला. आजोबा मीठ काढायचे, मग बाबाने काढलं. नंतर विमानतळासाठी गाव उठलं, मिठागरावर भराव पडला, गावातल्या सगळ्यांना दुसरीकडे जागा मिळाली आणि नवी पक्की घरं झाली. त्या पक्क्या घरात आई आणि बाबा चार वर्षं राहिले. मग आई गेली. मी वहीत ‘बाबाला आणणे’ असं लिहिलं, खाली औषधं, कपडे, बँकेचा पत्ता बदलणे वगैरे अकरा कामं लिहिली आणि जुलैमध्ये त्याला सुकापूरजवळच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर घेऊन आले. अकराच्या अकरा कामांवर खुणा झाल्या. फक्त तो बोलेना. बाल्कनीतल्या खुर्चीत बसायचा, विचारलं तर ‘बरा हाय’ म्हणायचा. दुसरा शब्द नाही.

मफलर सतीशचा. तळोज्याच्या त्याच्या कारखान्यात एक जर्मन इंजिनियर मशीन बसवायला आला होता, तीन महिने राहिला, आमच्याकडे दोनदा जेवला. जाताना त्याने आपल्या गावच्या फुटबॉल संघाचा जांभळा-पांढरा मफलर दिला. पनवेलच्या उकाड्यात त्याचं काय करायचं, म्हणून तो वर पडून होता. ऑगस्टात बाबाला सर्दी झाली, तो म्हणाला, ‘कानाला कायतरी दे.’ हाताला आला तो मफलर मी दिला. त्याने तो डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारली.

तन्वी तेव्हा दहावीत. ती हसून लोळायला लागली. ‘आजोबा, तो फुटबॉलच्या टीमचा आहे! जर्मनीच्या!’

‘माझ्या कानाला चालतो,’ बाबा म्हणाला. मग थोडं थांबून, ‘दाखव बरं ती टीम.’

‘कानाला कायतरी’ सोडलं तर महिनाभरात त्याने स्वतःहून काही मागितलं होतं ते हेच. तन्वीने टीव्हीवर अ‍ॅप लावून दिलं. जांभळ्यांचा पहिलाच सामना लाल कपड्यांतल्या एका बलाढ्य संघाशी होता.

‘आजोबा, हे लाल खूप भारी आहेत. बहुतेक वर्षी तेच जिंकतात.’

‘मग त्यांना आपली काय गरज?’ बाबा म्हणाला आणि जांभळ्यांकडे वळला.

जांभळे त्या दिवशी चार गोलांनी हरले. बाबाने शेवटपर्यंत बघितलं. चहाचा कप माझ्या हातात देताना म्हणाला, ‘पोरं बरी हायत. पन दमतात.’

त्या रविवारी मी फ्रिजवर कोष्टक लावलं. चौतीस सामने, कुणाशी, घरच्या मैदानावर की बाहेर, आपल्या घड्याळाने किती वाजता, निकालाची जागा रिकामी. बाबाला संघांची नावं उच्चारायला जमत नव्हती आणि त्याला ती शिकायचीही नव्हती. त्याने कपड्यांवरून नावं ठेवली. पिवले, निले, हिरवे, लाल, दुसरे लाल. बाबाच्या बोलण्यात ळ कधीच नव्हता, त्यामुळे आपला संघ झाला ‘जांभले’. मी कोष्टकात तसंच लिहिलं.

ऑक्टोबरच्या शेवटी माझं कोष्टक चुकलं. सात वाजता टीव्ही लावला तर सामना नाही. तन्वीने शोधलं, तर जर्मनीत घड्याळं एक तास मागे केली होती. आता मार्चअखेरपर्यंत सामने आपल्याकडे आठला. मी पेन घेऊन सगळ्या वेळा खोडत बसले. बाबा मजेत बघत होता.

‘घड्याल मागं करतात?’

‘हो. हिवाळ्यात उजेड कमी असतो म्हणून.’

‘आनी भरतीला कोन सांगतो, की बाय, आज एक तास थांब?’

एवढं लांब वाक्य तो आईच्या जाण्यानंतर पहिल्यांदा बोलला. मी फिरतं पेन थांबवलं आणि उगाच पाणी प्यायला आत गेले.

मग शनिवार हा आमच्या घरात वेगळाच वार झाला. सकाळी बाबाची दाढी. चारला थोडी झोप. सामन्याआधी चहा, कारण सामना सुरू झाल्यावर तो कपाला हात लावायचा नाही. मध्यंतरात चणे किंवा कांदाभजी. सतीश सोफ्यावर, तन्वी खाली पुस्तक पसरून, आणि बाबा टीव्हीपासून हातभर अंतरावर प्लास्टिकच्या खुर्चीत, मान थोडी उजवीकडे वळवून, कानावर मफलर. गरम व्हायला लागलं की तोच गळ्यात.

आणि बाबाला खेळ कळायचा. म्हणजे असा कळायचा की सतीश चाट पडायचा. सतीश कॉलेजात फुटबॉल खेळलेला, ऑफसाइड म्हणजे काय हे तो बाबाला शिकवायला गेला तर बाबा म्हणाला, ‘ते असू दे. डावीकडं मोकलं पडलंय बघ.’ आणि खरोखर, दोन-तीन पासनंतर बॉल डावीकडून आला आणि गोल झाला. एकदा नाही, पुष्कळदा. ‘आता हिरवे मधून येनार.’ येत. ‘जांभल्यांनी मागं दार उघडं टाकलंय.’ पाच मिनिटांत गोल खायचे.

‘बाबा, तुम्हाला हे आधी कसं कळतं?’ सतीशने विचारलं.

‘पान्यासारखं हाय रे. बॉलकडं काय बघायचं? बॉल जिथं नाय तिथं बघ. तो तिथंच जानार.’

मला लहानपणीचा बांध आठवला. पहाटे भरतीचं पाणी मिठागरात घ्यायचं असायचं. बांधातलं लाकडी दार, त्याला आमच्याकडे उघाडी म्हणतात, ते वर ओढलं की खाडीचं पाणी आत शिरायचं आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात जायचं. मी फ्रॉक गोळा करून पाण्यामागे पळायचे. बाबा मात्र पाण्याकडे बघायचाच नाही. तो बांधावर उभा राहून कोरड्या वाफ्यांकडे बघायचा, आणि पाणी पोचायच्या आधी तिथे जाऊन चिखलाचा एक गोळा काढायचा किंवा लावायचा. पाणी जणू त्याला विचारून वळायचं. डिसेंबरपासून मेपर्यंत रोज हेच. वाफ्यात पांढरी साय धरली की ती लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने ओढायची, दुपारच्या उन्हात, जेव्हा सगळं मिठागर आरशासारखं पेटलेलं असायचं. मी डोळे मिटून घ्यायचे. बाबाला मिटून चालत नसे.

ही शेवटची दोन वाक्यं मी तेव्हा एकमेकांपुढे मांडून बघायला हवी होती. यादी करणाऱ्या माणसाला तेवढं जमायला हवं होतं.

बाबा चहा ओतताना कपाच्या कडेवर बोट ठेवायचा. मला वाटायचं सवय आहे. जिना उतरताना पुटपुटायचा. मला वाटायचं देवाचं नाव घेतो. तो पायऱ्या मोजत होता. मान उजवीकडे वळवून बसायचा तर मी त्याला मानेचं मलम आणून दिलं. त्याच्या तब्येतीची माझी एक वेगळी वही होती : रक्तदाब, साखर, दात, गुडघे. ‘डोळे’ हे पान नोव्हेंबरात आलं. ‘चल, तपासून येऊ,’ म्हटलं तर म्हणाला, ‘मना दिसतंय की. मॅच बघतो ना दर शनिवारी?’ ते खरंच होतं. सतीशपेक्षा चांगली बघत होता. मी वहीत लिहिलं : ‘डोळे : ठीक. मॅच नीट दिसते.’ आणि पुढे खूण केली.

जानेवारीत थंडी पडली. पनवेलची थंडी ती किती, पण बाबाने मफलर पुन्हा कानावर चढवला. जांभळे अठरात सोळावे, मग सतरावे. तळाचे दोन संघ वर्षअखेर थेट खालच्या लीगमध्ये जातात हे तन्वीने बाबाला सांगितलं. त्याने नियम पुन्हा विचारला, जेवताना पुन्हा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला हाक मारून पुन्हा.

‘काढूनच टाकतात?’

‘काढत नाहीत बाबा, खाली पाठवतात.’

‘त्यांनी काय वाईट केलंय कोनाचं?’

मी कोष्टकात जांभळ्यांच्या नावाखाली पेन्सिलने रेघ मारली.

मार्चमध्ये तन्वीची बोर्डाची परीक्षा. शनिवारी सामना आणि सोमवारी भूमितीचा पेपर. मी घरात जाहीर केलं, टीव्ही चालेल पण आवाज बंद. बाबा म्हणाला, ‘पोरीचा अभ्यास मोठा.’ चेहरा मात्र पडला.

तो सामना मला अजून मुका दिसतो. आत तन्वी पाठ करतेय, हॉलमध्ये पंख्याची घरघर, पडद्यावर माणसं गुपचूप धावतायत. मी भजी घेऊन बाहेर आले आणि नेमका तेव्हा जांभळ्यांनी गोल मारला. सुंदर गोल, लांबून, वरच्या कोपऱ्यात. मी ताटली हातात घेऊन आवाज न करता दोन उड्या मारल्या. सतीशने मुठी वर केल्या.

बाबा टीव्हीसमोर हातभर अंतरावर तसाच बसला होता. हात मांडीवर. चेहऱ्यावर काही नाही.

‘बाबा!’ मी कुजबुजले. ‘गोल!’

‘हां हां. बघितला.’

‘कोणी मारला?’

‘जांभल्यानी.’

‘कुठून?’

तो माझ्याकडे वळला. म्हणजे मी होते त्याच्या जरा डावीकडे वळला. ‘बाय, आवाज दे ना जरा. एवढासा.’

मी ताटली टीपॉयवर ठेवली आणि उभ्या जागेवरून हात वर केला. ‘किती बोटं?’

‘मना पोर समजतेस काय?’

‘बाबा, किती बोटं?’

सतीश सोफ्यावरून उठून उभा राहिला. बाबाने मफलरचं टोक हातात घेतलं, ते चुरगळलं, सरळ केलं.

‘हात दिसतो,’ तो म्हणाला. ‘बोटं नाय.’

रंग दिसत होते त्याला. हिरव्यावर जांभळे डाग, लाल डाग. ते कुठे दाटतात आणि कुठे विरळ होतात ते दिसत होतं आणि त्यावरून तो बाकीचं जाणत होता. बॉल त्याने त्या सबंध हंगामात एकदाही बघितला नव्हता. गोल त्याला लोकांच्या ओरडण्यावरून कळायचा. ‘वरडन्याच्या आधी सगले एक श्वास घेतात बघ,’ तो म्हणाला. ‘त्यावरून समजायचं.’

‘कधीपासून आहे हे?’

‘तुझी आई होती तवापासून.’

‘तिला माहीत होतं?’

‘ती होती म्हनून तर चाललं होतं.’

‘मग मला का नाही सांगितलंस?’

‘लेकीच्या घरी राहायला आलो,’ बाबा म्हणाला. ‘वर आंधला म्हनून येऊ?’

मी स्वयंपाकघरात जाऊन वही उघडली. ‘डोळे : ठीक. मॅच नीट दिसते.’ माझंच अक्षर, माझीच खूण. ती खोडता खोडता कागद फाटला.

सोमवारी तन्वी पेपरला आणि आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाई वयाने माझ्याहून लहान, बोलायला स्पष्ट. उजव्या डोळ्यात काचबिंदू, तो डोळा गेलेला. डाव्यात काचबिंदूही आणि मोतीबिंदूही. मोतीबिंदू काढता येईल. काढल्यावर बऱ्यापैकी दिसेल, किंवा आहे तेवढंच राहील, किंवा आधीच दुबळी झालेली नस साथ देणार नाही आणि आहे तेही जाईल. ‘शक्यता चांगली आहे, पण मी हमी देणार नाही,’ त्या म्हणाल्या.

मी घरी येऊन कागदाच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला करण्याची कारणं, दुसऱ्या बाजूला न करण्याची. बाबाला वाचून दाखवायला गेले.

‘जांभले जातील,’ तो म्हणाला.

‘काय?’

‘आता रंग तरी दिसतो. कापाकापीत तो गेला तर मना काय राहील? तुझ्या कागदावर लिवलंय का ते?’

लिहिलं नव्हतं. मला तारीख ठरवायची घाई होती. तो म्हणत होता हंगाम संपू दे, मे महिन्यात बघू. ‘आमचा मिठाचापन हंगाम मेमध्येच संपायचा.’ डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, उशीर करू नका. पंधरा दिवस आम्ही दोघं एकमेकांशी तुटक बोलत होतो, एकाच घरात, रोजचा चहा तसाच देत-घेत.

त्यातल्या एका शनिवारी त्याने मला शेजारी बसवलं. ‘बाय, तूच सांग मना. बॉल कुठं कुठं जातो ते सांग. मग नको ऑपरेशन.’

मी सगळी कामं नेटकी करते, हेही नेटकं केलं. ‘जांभळा सहा नंबर. सहाने दहाला दिला. दहाने परत सहाला. सहाने तीनला. तीनकडून पिवळा आठ. आठने अकराला. बॉल बाहेर. जांभळ्यांचा थ्रो. घेणार तीन नंबर.’

पहिली पंधरा मिनिटं त्याने सोसलं. ‘बाय,’ मग तो म्हणाला, ‘तू मॅच सांगतेस का रेशनचं सामान?’

‘मग काय सांगू? जे होतंय तेच सांगतेय.’

‘गूल दोन किलो, तूरडाल एक किलो...’ आणि तो हसायला लागला. मफलर तोंडावर धरून, खांदे गदगदा हलवत. सतीशही हसला, मीही. हसता हसता त्याने डाव्या डोळ्याचं पाणी पुसलं आणि म्हणाला, ‘तुझं ऐकन्यापरीस डोला फोडलेला बरा. घे तारीख.’

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी दुसऱ्या दिवशी काढायची होती. डॉक्टरीणबाईंनी पट्टी हळूच सोडवली. बाबाने डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मी समोर उभी. हाताची बोटं वर करावीत की नाही ते मला कळेना.

बाबा बराच वेळ बघत राहिला.

‘म्हातारी झालीस गो बाय,’ तो म्हणाला.

मी तिथेच स्टुलावर बसले. डॉक्टरीणबाई खिडकीकडे तोंड करून हसत होत्या.

घरी आल्यावर मी नवी यादी केली : काळा चष्मा, थेंब दिवसातून सहा वेळा, वाकायचं नाही, पाणी लागू द्यायचं नाही. बाबाने त्यात एक काम स्वतःहून घालायला सांगितलं. उलवे.

मे महिन्यातल्या एका सकाळी सतीशने गाडी काढली. नव्या इमारती, क्रेन, सिमेंटच्या गाड्यांची रांग. भरावाच्या कुंपणाशी गाडी थांबवली. बाबा काळा चष्मा लावून उतरला. समोर नुसती तांबडी सपाट जमीन, पार लांबपर्यंत. त्याने चष्मा काढला. मी ‘बाबा, ऊन’ म्हणाले, त्याने ऐकलं नाही.

‘तो पिवला खांब हाय ना? त्याच्या अलीकडं उघाडी होती.’ त्याचं बोट हललं. ‘तिथून पानी घ्यायचो. तिथं तुझी आजी बसायची. तिथं तू पडली होतीस.’

मी बघितलं. पिवळा खांब होता. बाकी काही नव्हतं.

‘सगलं सपाट केलंय,’ तो म्हणाला. नंतर कारागिराच्या नजरेने जमिनीचा उतार बघत राहिला. ‘पाऊस आला की पानी कुठं जानार, कोनी बघितलंय का?’ कुंपणापाशी उभा असलेला वॉचमन त्याच्याकडे बघत होता, पण प्रश्न त्याला नव्हता.

परतताना गाडीत तो एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, जुलैतला बाबा परत आला. मी मनात म्हटलं, कशाला दाखवलं, आणि कशाला तो डोळा दिला.

शेवटचा सामना त्याच आठवड्यात. शेवटच्या दिवशी सगळ्या अठरा संघांचे सामने एकाच वेळी सुरू होतात, कुणाला कुणाचा निकाल आधी कळू नये म्हणून. घड्याळं केव्हाच पुढे झाली होती, सामना पुन्हा सातला. हिशोब सोपा होता : जांभळे जिंकले तर वाचले, नाही तर गेले. परीक्षा संपलेल्या तन्वीने आवाज मोठा लावला. मी भजी आधीच तळून ठेवली.

बाबा नव्या डोळ्याने बघायला बसला आणि पहिल्याच मिनिटाला पुढे वाकला.

‘हा बॉल?’

‘हो.’

‘एवढासा? आनी एवढी मानसं त्याच्या मागं?’

त्याला तो सापडला की तो सोडेना. बॉल उजवीकडे, बाबाची मान उजवीकडे. बॉल वर, बाबाची हनुवटी वर. लहान मूल पतंगाकडे बघतं तसा. मध्यंतरापर्यंत एक-एक झालं होतं आणि त्याने कुठलंच भाकीत केलं नव्हतं. सतीशने विचारलं, ‘बाबा, आता कुठून येणार?’

‘काय समजत नाय रे,’ बाबा म्हणाला. ‘आता बॉलच दिसतो. मोकली जागा दिसतच नाय.’

दहा मिनिटं उरली. अजून एक-एक. मैदानातले हजारो लोक उभे. बाबाने काळा चष्मा उचलून डोळ्यावर घातला, त्यावर बोटं फाकवून हात धरला. आता त्याच्यासमोर पुन्हा नुसते डाग असणार.

‘डावीकडं,’ तो म्हणाला. मग जोरात, ‘डावीकडं, डावीकडं मोकलं हाय, दे ना तिकडं!’

डावीकडे खरंच मोकळं होतं. एक जांभळा तिथे एकटाच हात वर करून धावत होता. ज्याच्या पायात बॉल होता त्याने बघितलं नाही. त्याने समोर मारला, समोर चार माणसं होती. शिट्टी झाली.

कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला. आमच्यासारखे मफलर गळ्यात घातलेली मोठमोठी माणसं रडत होती. एक म्हातारा होता, त्याच्या डोक्यावर टोपी, शेजारच्या बाईने त्याचा हात धरलेला. तन्वीही मुसमुसत होती. बाबाने चष्मा काढून पडद्यावरची माणसं एकेक करून नीट बघितली.

‘आता हे कुठं जानार?’

‘खालच्या लीगमध्ये, बाबा.’

‘गाव सोडून?’

‘नाही रे. गाव तेच.’

‘आनी मैदान?’

‘मैदानही तेच.’

बाबाने त्या म्हाताऱ्याकडे आणखी एकदा बघितलं.

‘मग रडतात कशाला?’ तो म्हणाला, आणि भजी पुढे ओढली.

पुढचं वर्षभर त्यांचे सामने खालच्या लीगमध्ये, दुपारी साडेचारला वगैरे असायचे. बाबा ते बघायचा. जास्त करून तो काळा चष्मा लावूनच. फेब्रुवारीत, एका साध्या मंगळवारी, दुपारच्या झोपेत तो गेला. त्या वर्षी जांभळे वर आले नाहीत, त्याच्या पुढच्या वर्षी आले. तो हे बघायला हवा होता असं मी म्हणणार होते, पण बघणं हा शब्द त्याच्याबाबतीत मी आता जपून वापरते.

तर परवा शनिवारी सात वाजता मी टीव्ही लावला. चहा केला होता, एक कप जास्त झाला तो सतीशने घेतला. दोरीवरचा मफलर दमटच होता तरी आणून खुर्चीच्या पाठीवर टाकला. उघड्या बाल्कनीतून एक विमान खाली उतरताना दिसलं, आता दिसतातच.

आपले जांभळे, समोर हिरवे. अर्धा तास मी बॉल बघत होते आणि मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. सहा, दहा, परत सहा. मग मी चष्मा काढून मांडीवर ठेवला. माझा नंबर बराच आहे. पाठीवरचे आकडे विरघळले, चेहरे विरघळले, बॉल गेला. हिरव्यावर जांभळे ठिपके, दाटलेले, विरळ झालेले. आणि डाव्या बाजूला, सगळ्यांपासून लांब, कोरड्या वाफ्यासारखी स्वच्छ रिकामी जागा.

‘डावीकडं मोकळं आहे,’ मी म्हणाले.

‘काय गं?’ आतून सतीशने विचारलं.

तिकडे, समुद्रापलीकडे, सबंध मैदानाने एकदम श्वास घेतला होता.